फडातल्या चार पट्ट्या

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

सातबाऱ्यावर तुझं नाव चढलं. त्या दिवशी फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. चारही तुकडे बदलून एकाच जागी का घेऊ नयेत? आणि घरची विहीर, मोटर असताना पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला दरसाल धान्य कशाला? फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

ते चार तुकडे वाटणीत कुणी कसेही पाडलेले नाहीत. बंधाऱ्याच्या पाटाखाली भिजणारं सगळं रान चार फडांत विभागलेलं आहे आणि आपली एकेक पट्टी प्रत्येक फडात आहे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एकात ऊस, बाकीच्यांत गहू-हरभरा किंवा भुसार, आणि दरसाल पाळी फिरते. पीक एकच असलं की सगळ्या फडाची तहान सारखी असते, मग भांडायला जागा उरत नाही. पांझरा नदीला पाणी कमी असलं की गावाने बसून ठरवायचं, यंदा दोनच फड भिजवू, किंवा एकच. 1972 साली एकच फड भिजला. तेव्हा मी लहान होतो, पण माझ्या वडिलांनी त्या एका पट्टीवर घर जगवलेलं मला आठवतं. त्या फडात गावातल्या बहुतेकांची पट्टी होती, म्हणून कुणी एकटा बुडाला नाही आणि कुणी एकटा तरलाही नाही. आता तू सगळी जमीन एका फडात घेतलीस आणि तोच फड कोरडा ठेवायचा ठरला, तर काय करशील?

पाटकऱ्याचं धान्य याच्याशीच जोडलेलं आहे. मालकाने आपल्या हाताने पाणी फोडायचं नाही, ही आपली जुनी रीत. पाटकरी पाटातून पाणी सोडतो, बारेकरी शेतं भिजवत जातो, जागल्या पीक राखतो, आणि हवालदार सगळ्यांवर नजर ठेवतो. पाटकऱ्याला काय, बारेकऱ्याला काय, बांध कुणाचा, माणूस मोठा की लहान, हे पाहायचं नसतं. आपण त्यांना देतो ते त्या न पाहण्याचं मोल आहे, असं मी मानतो. 2005 च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना आधार मिळाला आणि घनमीटरने पाणी मोजून घ्यायची सोय झाली. चांगलंच झालं. पण पांझरेवर, तिकडे मोसम, आरम या नद्यांवर, 300-400 वर्षं हे काम चारीच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या माणसाने केलं आहे.

आता विहिरीचं. हे तुला मी कधी सांगितलं नाही. नदीकाठी विहीर खणून पाच एचपीची मोटर बसवली तेव्हा मला फार आनंद झाला होता. आपले बंधारे दगड-चुन्याचे, बुटके. पुराचं पाणी आणि गाळ वरून निघून जातो, फडातून उरलेलं पाणी सांडव्याने नदीत परत येतं, आणि तेच झिरपत झिरपत खालच्या बंधाऱ्याला मिळतं. माझी मोटर रात्रंदिवस चालली ती त्याच पाण्यावर. पुढे माझं बघून काठाला आणखी मोटरी लागल्या. दोन वर्षांत खालच्या गावाचा पाट ऐन उन्हाळ्याच्या तोंडाला आटला. तिथला म्हातारा बारेकरी आपल्या ओट्यावर येऊन बसला, पाणी प्यायला, आणि काही न बोलता गेला. तेव्हापासून पाट वाहत असतो तोवर मी मोटर लावत नाही. वर लाटीपाड्याचं धरण झालं, आवर्तन येतं, तरी नाही. तुझ्या हातात कारभार आल्यावर तूही लावू नकोस, एवढं मागतो.

बरेच फड मोडले गं. कुणी डाळिंब लावलं, कुणी विहिरीवर गेलं, कुणी पट्टी विकली. आपल्याकडे अजून दोन फड नीट चालतात.

दिवाळीआधी पाटातला गाळ काढायचा आहे. घरटी एक माणूस लागतो. माझ्या गुडघ्याने आता फावडं होत नाही, म्हणून यंदा पाटकऱ्याला आपल्या घराकडून तुझं नाव सांगितलं आहे. त्याने काही न विचारता लिहून घेतलं. दोन दिवसांची रजा काढ. येताना जुने कपडे आण, चिखल गुडघ्यापर्यंत असतो.

तुझा,
आबा