शेवटचे पॉलिश गाडीच्या रंगावर तपासूनच ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की ‘रबिंग, पॉलिश, कोटिंग, दोन तासांत गाडी नव्यासारखी’ अशा पाट्या जागोजागी लागतात. आम्ही गाड्यांच्या रंगकामात आणि डिटेलिंगमध्ये, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई-पॉलिश करण्यात, काम करणारी माणसे आहोत. दोन तासांत गाडी चकचकीत होते हे खरे, पण तेवढ्या वेळात रंगातले बारीक ओरखडे निघत नाहीत, ते झाकले जातात. ओरखडे निघाले की झाकले गेले, हे बरेचसे शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे फिनिशिंग पॉलिश कोणते वापरले आणि कसे वापरले यावर ठरते. नेमक्या त्याच निवडीकडे गिऱ्हाइकाचे आणि बऱ्याच वर्कशॉपचेही लक्ष नसते. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी वेळेचा हिशेब मांडू. लहान हॅचबॅकच्या बॉनेट, छप्पर, दारे, फेंडर, डिकी आणि बंपरचे दीड-दीड फुटाचे चौकोन पाडले तर ते चाळीसच्या आसपास भरतात. मशीन फिरवणे, पुसणे आणि दिव्याखाली बघणे धरून एका चौकोनाला निदान ४ मिनिटे लागतात. म्हणजे एका टप्प्याला १६० मिनिटे, आणि कंपाउंड (जास्त घासणारे, भरड पॉलिश) व फिनिशिंग असे दोन टप्पे केले तर सव्वापाच तासांच्या वर. यात धुणे, रंगात चिकटलेली घाण काढायला क्ले (मातीसारखा मऊ गोळा) फिरवणे, रबर आणि कडांना टेप लावणे धरलेलेच नाही. दोन तासांच्या कामात यातले काय गाळले, हे गिऱ्हाइकाने विचारायलाच हवे.

आता रंगाबद्दल. आजच्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. आपल्याकडचे पेंटर त्याला लॅकरही म्हणतात. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात आणि त्यात क्लिअर कोट फक्त ३५ ते ५० मायक्रॉनचा. पॉलिशिंग म्हणजे या क्लिअरला घासून ओरखड्याच्या तळापर्यंत सपाट करत आणणे. कंपाउंडच्या एका टप्प्यात दोन-चार मायक्रॉन सहज जातात. नीट केलेल्या फिनिशिंगमध्ये एक मायक्रॉनपेक्षाही कमी जातो. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी द्रव्ये याच क्लिअरमध्ये असतात. दरवर्षी दिवाळीला रबिंग करून घेतलेल्या गाडीच्या छपरावर आणि बॉनेटवर काही वर्षांनी पांढरे पोपडे सुटतात, ते क्लिअर असे झिजल्यामुळे. आणि पोपडे सुटल्यावर पॉलिश काही करू शकत नाही, तो पॅनेल रंगवावाच लागतो.

म्हणून आमचा पहिला आग्रह असा की सुरुवात सगळ्यात सौम्य जोडीने करावी. मऊ फोम पॅड घ्यायचा, फिनिशिंग पॉलिश घ्यायचे आणि बॉनेटवर टेपने आखलेल्या दीड फुटाच्या एकाच चौकोनावर चाचणी करायची. वर्ष-दोन वर्षांच्या गाडीवर फक्त पुसण्याने पडलेले हलके गोलाकार ओरखडे असतील, तर बहुतेक वेळा एवढ्यावरच काम भागते आणि कंपाउंडची बाटली उघडावी लागत नाही. नाही भागले, तर पॉलिश तेच ठेवून पॅड एक पायरी कडक घ्यावा. त्यानेही नाही झाले तरच कंपाउंड. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पॅड, पॉलिश आणि मशीनचा वेग तिन्ही एकदम बदलले, तर फरक कशाने पडला ते कळायला मार्ग राहत नाही.

बाटलीवरच्या आकड्यांबद्दल इथेच सांगायला हवे. ‘कट ४, ग्लॉस ६’ (कट म्हणजे घासण्याची ताकद, ग्लॉस म्हणजे चमक) असे आकडे त्या-त्या कंपनीच्या स्वतःच्या मालिकेपुरते खरे असतात. एका कंपनीचा ४ आणि दुसरीचा ४ यांची तुलना करता येत नाही. मेग्वायर्स एम २०५, मेंझेर्ना ३८००, कोख केमी एम ३.०२ ही या कामातली परिचित नावे आहेत आणि तिन्ही चांगली आहेत. पण एका गाडीच्या काळ्या रंगावर आरसा देणारे पॉलिश दुसऱ्या गाडीच्या काळ्यावर धुरकट पडदा सोडू शकते, कारण दोन्हींच्या क्लिअरचा कडकपणा वेगळा. जपानी गाड्यांचा रंग मऊ आणि जर्मन गाड्यांचा कडक, हा आडाखा कारागिरांमध्ये चालतो; त्याच्यावर भिस्त ठेवू नये. एकाच कंपनीच्या दोन रंगांत फरक निघतो, आणि एकाच गाडीचे एखादे दार पूर्वी बाहेर रंगवलेले असेल तर ते दार बाकीच्या गाडीपेक्षा वेगळे वागते.

पॉलिशमधल्या घासणाऱ्या कणांचे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. पहिल्या प्रकारात कण घासता घासता फुटून बारीक होत जातात. असे पॉलिश पूर्ण चालवावे लागते. मध्येच थांबलात तर अर्धवट फुटलेल्या कणांच्या खुणा तशाच राहतात. दुसऱ्या प्रकारात कण आधीपासूनच एकसारखे बारीक असतात आणि शेवटपर्यंत तसेच राहतात. तिथे किती घासले जाईल हे पॅड, दाब आणि वेळ यांवर ठरते. जास्त वेळ फिरवत राहिल्याने फिनिश सुधारत नाही, उलट वंगण संपून कोरडे घासले जाते. पहिल्याची पद्धत दुसऱ्याला लावली की काम बिघडते, आणि मग चांगल्या मालाला नावे ठेवली जातात. प्रकार कोणता ते कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेले असते, ते वाचूनच बाटली घ्यावी.

मशीनचे म्हणाल तर शेवटच्या टप्प्याला ड्युअल ॲक्शन मशीनच बरे, म्हणजे ज्याचा पॅड स्वतःभोवती फिरता फिरता हेलकावेही घेतो ते. वर्कशॉपमधली नेहमीची रोटरी बफ मशीन, जिचा पॅड नुसता गोल फिरतो, लोकरी पॅड लावून जोरात चालवली की होलोग्राम, म्हणजे उजेडात सरकताना दिसणारे पट्टे, पडतात. पाच इंची नव्या पॅडवर आधी पॉलिशचा पातळ हात सगळीकडे फिरवून घ्यावा, मग मटाराच्या दाण्याएवढे तीन-चार थेंब टाकावेत. पुढच्या चौकोनांना दोन-तीन थेंब पुरतात. हॅचबॅकला सगळे मिळून ५०-६० मिलीच्या वर पॉलिश लागत असेल तर हात सैल पडतो आहे. वेग मशीनच्या सहा पायऱ्यांपैकी ३ किंवा ४ वर ठेवावा, दाब मशीनच्या वजनाएवढाच आणि हात सावकाश, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढली पाहिजे. आडव्या-उभ्या मिळून चार ते सहा फेऱ्या कराव्यात. बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड ज्या चकतीवर चिकटतो तिच्या, कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवावी, म्हणजे वळणदार भागावर पॅड फिरायचा थांबला की लगेच दिसते. पॅड न फिरता नुसता थरथरत असेल तर तिथे करेक्शन, म्हणजे ओरखडे खरोखर काढणे, होत नाही.

दर चौकोनानंतर पॅड ब्रशने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करणे हे सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात जास्त टाळले जाणारे काम. पॅडमध्ये साचलेला जुना क्लिअर आणि वाळलेले पॉलिश पुढच्या पॅनेलवर नवे ओरखडे पाडते. एका गाडीला फिनिशिंगचे निदान चार-पाच पॅड हवेत. एकाच पॅडने अख्खी गाडी उरकणाऱ्याचे शेवटचे दार बघावे, पहिल्या दारापेक्षा ते हमखास मंद दिसते.

चुकले कुठे हे दिव्याखाली वाचता येते. काळ्या बॉनेटवर एलईडीचा एकच प्रखर दिवा फूटभरावरून तिरका धरला की प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात; ते पुसण्याचे जुने ओरखडे. दिवा हलवल्यावर त्याच्याबरोबर सरकणारे, पंख्यासारखे पसरलेले पट्टे दिसले तर ते होलोग्राम, म्हणजे रोटरीच्या खुणा. आणि ओरखडा एकही दिसत नाही, पण प्रतिबिंबाची कड दुधट आहे, काळा रंग राखाडीकडे झुकला आहे, असे असेल तर तो धुरकटपणा फिनिशिंगच्या टप्प्यानेच आणलेला असतो. अशा वेळी पॉलिश बदलण्याआधी पॅड स्वच्छ आहे का बघावे, मग दाब कमी करावा, वेग एकाने उतरवावा, मग आणखी मऊ पॅड घ्यावा. एवढे करूनही कड दुधटच राहिली तर ते पॉलिश त्या रंगासाठी नाही, आणखी बारीक कणांचे घ्यावे.

हे सगळे पाहायचे ते तेल पुसल्यानंतर. बहुतेक पॉलिशमध्ये वंगणासाठी तेले असतात, आणि ग्लेझ नावाने विकल्या जाणाऱ्या मालात तर ओरखड्यांत भरून बसणारे पदार्थ मुद्दाम घातलेले असतात. ग्लेझ वाईट नव्हे. क्लिअर पातळ झालेल्या जुन्या गाडीला तोच शहाणपणाचा पर्याय आहे. पण ग्लेझ लावून करेक्शनचे पैसे घेणे ही फसवणूक आहे. तीन-चार वेळा गाडी धुतली की ओरखडे पुन्हा वर येतात. तपासायला १५० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल ८५० मिली स्वच्छ पाण्यात मिसळून फवारावे आणि दोन वेगवेगळ्या स्वच्छ मायक्रोफायबर कापडांनी पुसावे. याच कामाचा तयार द्रव पॅनेल वाइप नावाने मिळतो, तोही चालतो. अल्कोहोल याहून फार तीव्र करू नये, आणि नुकत्याच रंगवलेल्या पॅनेलवर तर वापरूच नये, क्लिअर मऊ पडते. नंतर सिरॅमिक कोटिंग (रंगावर कडक संरक्षक थर) करायचे असेल तर ही पुसणी चुकवून चालतच नाही, कारण तेलाच्या थरावर कोटिंग नीट धरत नाही.

डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या वर्कशॉपने फिनिशिंग पॉलिश सिलिकॉनविरहितच घ्यावे. सिलिकॉनचा अंश हवेतून किंवा फडक्यातून रंगाच्या बूथपर्यंत पोचला की ताज्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात, आणि मग पेंटर पुट्टीला, थिनरला, कॉम्प्रेसरच्या पाण्याला दोष देत बसतो.

हवामानाचा परिणाम परदेशी बाटल्यांवर लिहिलेला नसतो. विदर्भात एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही. तिथे पॉलिश दोन फेऱ्यांत वाळते, पांढरी भुकटी उडते आणि कण कोरडे घासतात. गाडी सावलीत आणून पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबावे, शक्यतो सकाळी लवकर काम करावे. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात उलटे होते. पाण्याचा अंश उडून जात नाही, पॅड ओला होत जातो, पुसताना पॉलिश फासले जाते. तिथे थेंब कमी टाकावेत आणि पॅड अधिक वेळा बदलावेत.

पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांच्या मालकांना आमचा प्रामाणिक सल्ला असा की दोन टप्प्यांसाठी हट्ट धरू नका. या रंगांवर शेवटच्या टप्प्याचा फरक उन्हातही जेमतेम दिसतो. एकच मध्यम टप्पा करून क्लिअर पुढच्यासाठी राखलेले बरे. काळा, गडद निळा, मरून यांना मात्र फिनिशिंगशिवाय सोडू नये.

या खर्चाची वेळ मुळात येते ती पहाटे सोसायटीत एकाच बादलीत आणि एकाच फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात म्हणून. पुसणाऱ्याचा यात दोष नाही, त्याला पाणीही मोजून मिळते. धूळ बसलेली गाडी रोज कोरडी पुसून घेण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर पाण्याने आणि शाम्पूने धुऊन घ्यावी.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर गिऱ्हाइकांसाठी एवढे जरूर छापावे, अशी विनंती आहे. काम सुरू होण्याआधी रंगाची जाडी मोजण्याच्या मीटरने प्रत्येक पत्र्याच्या पॅनेलचे आकडे घेऊन ते जॉब कार्डवर लिहून मागा. मीटर एकूण जाडी दाखवतो, क्लिअरची वेगळी नाही, आणि साध्या मीटरने प्लास्टिकचा बंपर मोजता येत नाही, हे लक्षात असू द्या. बाकी गाडी ११० मायक्रॉन दाखवत असताना एखादे दार २५० दाखवत असेल तर ते पूर्वी रंगवलेले आहे. एखादी जागा ८० च्या खाली असेल तर तिथे कंपाउंड लावू देऊ नका. चाचणीचा चौकोन तुमच्यासमोर करून, अल्कोहोलने पुसून दाखवायला सांगा आणि वापरलेल्या पॅड-पॉलिशचे नाव त्याच कार्डवर लिहून घ्या. गाडी ताब्यात घेताना ती शेडबाहेर उन्हात काढायला लावा आणि बॉनेटवर, छपरावर व चालकाच्या दारावर हीच पुसणी पुन्हा करून घ्या, मगच उरलेले पैसे द्या.

आपले,
वाहन रंगकाम व डिटेलिंग व्यवसायातील काही कारागीर,
भोसरी, पुणे