त्या गंठणाबद्दल

पंचवटी, नाशिक
गुरुवार, रात्री साडेदहा

चि. निखिलास अनेक आशीर्वाद.

डब्यात खाली लाडू आहेत, वर चिवडा. शेजारच्या काकूंचा मुलगा पहाटे गाडीने पुण्याला निघतोय, त्याच्याकडे डबा देते आहे. पत्र आधी वाच, मग खा.

मंगळवारी रात्री फोनवर गंठण परत देण्याचं काढलं, तर तू "बघू गं, दोन दिवसांनी" म्हणालास आणि जेवणाचं काढलंस. शेजारी तुझा रूम पार्टनर होता हे मला कळलं, म्हणून मी ताणलं नाही. पण ते "बघू" माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. कसं ते पुढे सांगते.

ठक्कर बाजारच्या स्टँडवर बाकाखाली लाल पाकीट दिसलं, उघडलं तर आत गंठण, तेवढ्यात गाडी हलली आणि तू ते खिशात टाकून चढलास. इथवर तुझं काही चुकलं नाही. गाडी सोडून कंट्रोलरच्या खिडकीत गेला असतास तर बरं झालं असतं, पण रिझर्वेशन वाया घालवलंस म्हणून मीच तुला बोलले असते. चूक झालीच तर ती आता सुरू होईल. ज्या बाईचं ते आहे ती नाशकात शोधत फिरणार आणि वस्तू चिंचवडला तुझ्या कपाटात.

कोर्टाबाहेर टेबल टाकून मला बावीस वर्षं झाली. हरवल्याचे किती अर्ज टाइप केले त्याची गणतीच नाही. सातबारा, मार्कशीट, आरसी बुक, बँकेचं पासबुक. "सदर वस्तू गहाळ झाली असून" हे मी झोपेतही टाइप करेन. सापडल्याचा अर्ज मात्र इतक्या वर्षांत तीनदा केला असेल. बोटं अडखळतात, नमुनाच पाठ नाही.

वकील लोकांचे कागद करता करता जे डोक्यात राहिलं ते तुला सांगते. दुसऱ्याची वस्तू लाटणं हे पूर्वी दंड संहितेतलं कलम 403 होतं. 1 जुलै 2024 पासून नव्या न्याय संहितेत ते 314 झालं. त्यात उदाहरणं दिली आहेत आणि ती अगदी गोष्टीसारखी आहेत. रस्त्यावर रुपया पडलेला दिसला, कुणाचा ते ठाऊक नाही, उचलला, तर गुन्हा नाही. किमती अंगठी सापडली आणि मालक शोधायची काही खटपट न करता लगेच विकून टाकली, तर गुन्हा. आता त्याला कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं, वर दंड. परत देण्यासाठी उचलणारा मात्र यात येत नाही. आणि 1872 च्या करार कायद्यात, कलम 71 मध्ये, मला सगळ्यात पटलेली गोष्ट आहे. सापडलेली वस्तू जो ताब्यात घेतो, त्याच्यावर दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्याइतकी जबाबदारी येते. म्हणजे ते पाकीट पाहूनही तू तसंच गाडीत बसला असतास तर तुला कुणी जाब विचारला नसता. उचललंस, तेव्हापासून तू राखणदार झालास.

(त्याच कायद्यात असंही आहे की वस्तू सांभाळायला आणि मालक शोधायला आलेला खर्च मिळेपर्यंत ती अडवून ठेवता येते. तू असलं काही करू नकोस. तिकिटाचे पैसे मी देईन.)

तुझा मित्र म्हणतो, पोलिसांकडे दिलं की ते तिथेच जिरतं. माझ्या टेबलाशी बसलेल्या लोकांकडून मीही असं ऐकलंय, खोटं कशाला बोलू? पण त्यावर इलाज पोच मागून घेणं हा आहे, कपाटात ठेवणं हा नाही. वजन, वर्णन, तारीख, वेळ, कुठे सापडलं, हे सगळं लिहून, सही-शिक्क्याची प्रत हातात घ्यायची. तो अर्ज मी आजच करून ठेवलाय. वजनाची जागा तेवढी रिकामी आहे.

काल दुपारी टेबल बंद करून मी सराफ बाजारात गेले होते. पाकिटावरचं दुकानाचं नाव पुसलंय, नुसतं "सराफ बाजार, नाशिक" उरलंय असं तू म्हणालास. तेवढ्यावर काय होणार! पण एका पेढीवरच्या काकांनी एक सांगितलं. पेंडंटच्या मागे भिंगातून बघ, हॉलमार्कशेजारी सहा अक्षरं-आकडे कोरलेले आहेत का. एप्रिल 2023 पासून त्याशिवाय सराफाला दागिना विकता येत नाही, दोन ग्रॅमच्या आतले किरकोळ आणि काही अपवाद सोडले तर. तो क्रमांक सरकारच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की सोन्याची शुद्धता आणि कुठल्या सराफाकडचा माल ते कळतं. घेणाऱ्याचं नाव त्यात नसतं, ते दुकानाच्या बिलबुकात सापडेल. क्रमांक नसेल तर दागिना बहुधा जुना, कदाचित सासूकडून आलेला. मग त्या बाईला घरात काय काय ऐकून घ्यावं लागत असेल ते तुला कळायचं नाही. पाटली हरवली तर पैसे गेले म्हणतात. गंठण हरवलं की लोक नवऱ्याच्या तब्येतीची चौकशी करतात.

फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नकोस. टाकलास की दहाजणी येतील आणि दहाहीजणी हुबेहूब वर्णन करतील. "स्टँडवर दागिना सापडला आहे" एवढंच म्हणायचं. काळ्या मण्यांमधली जी खूण तू मला सांगितलीस ती मी या पत्रातही लिहीत नाही. जी बाई ती खूण न विचारता सांगेल, तिचं ते.

आता त्या "बघू"चं. माझ्या डब्यात एक सुटी कुडी आहे, तू पाहिली आहेस. 1998 साल, तुझा जन्मही व्हायचा होता. गंगेवर, गोदेच्या घाटावर, बुधवारचा बाजार होता, मेथीच्या जुडीखाली ती सापडली. मी शेजारच्या दोन भाजीवाल्यांना विचारलं, पण इतक्या हळू की त्यांना ऐकू जाऊ नये. पुढच्या बुधवारी घेऊन येऊ, असं मी मनाशी म्हणाले. पुढच्या बुधवारी पाऊस होता. त्याच्या पुढच्या बुधवारी मी रविवार कारंज्यावरून भाजी घेतली, दोन रुपये महाग. पहिल्या रात्री ती कुणाचीतरी होती. महिन्याभराने डब्यात तिची जागा ठरून गेली. एकटी कुडी, घालता येत नाही, मोडायला न्यायचा धीर होत नाही. तुझ्या बाबांना दाखवली तर ते "हं" म्हणाले आणि पेपर वाचत राहिले. तू सहा वर्षांचा असताना डबा उपसलास आणि विचारलंस, "आई, दुसरी कुठेय?" मी म्हटलं, "हरवली."

असो.

सराफ बाजारातून येताना मी ठक्कर बाजारला जाऊन कंट्रोलरच्या केबिनमध्ये माझा नंबर देऊन आले. काय सापडलं ते सांगितलं नाही, फक्त कुणी चौकशीला आलं तर कळवा म्हटलं. ते म्हणाले, बायका तर कुणी आल्या नाहीत, पण धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ सकाळपासून दोनदा येऊन त्या बाकाखाली वाकून बघून गेले. काय हरवलं विचारलं तर "काही नाही" म्हणाले.

मी शनिवारी अर्धा दिवसच टेबल लावणार आहे. सकाळच्या गाडीने ये, कुरियर वगैरे नको. पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात ठेव, बॅगेत नको. दोन वाजता मी त्या बाकावरच बसलेली असेन, तिथून आपण चौकीत जाऊ. रिकामा डबा आठवणीने आण, मागचे दोन तुझ्याकडेच आहेत.

तुझी,
आई