शेकोटी पेटती सोडून जाणे हाही गुन्हा

संपादक महोदय,

फेब्रुवारी लागला की साताऱ्याच्या आसपासचे डोंगर काळे पडू लागतात आणि बातमीत 'अज्ञाताने वणवा लावला' एवढेच येते. वणवा मुद्दाम लावला तरच गुन्हा, असा समज त्यातून पक्का होतो. तो चुकीचा आहे.

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनाला धोका होईल अशी आग नियम मोडून पेटवणे जसा गुन्हा, तसाच ती पेटती सोडून जाणेही. शिक्षेखेरीज जंगलाच्या नुकसानीची भरपाई न्यायालय लावू शकते. आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली, तर त्या वनातले चराईचे हक्कही शासन स्थगित करू शकते. एकाने टाकलेला निखारा अख्ख्या गावाच्या गुरांना भोवतो तो असा. कोयना अभयारण्यात अशाच आगीसाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे कलम ३० आहेच.

खरी अडचण गायरानात आणि मालकीच्या पडीक रानात येते. तिथे पोलिसांच्या हाती मुख्यतः भारतीय न्याय संहितेचे कलम २८७ असते: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्यासाठी आगीमुळे माणसाच्या जिवाला धोका किंवा इजेची शक्यता दाखवावी लागते. 'गवत जळाले' एवढाच पंचनामा झाला तर हे कलम टिकणे कठीण. म्हणून पंचनाम्यात गट नंबर, आग सुरू झाली ती नेमकी जागा, वाऱ्याची दिशा, जवळची वस्ती किती अंतरावर आणि त्या वेळी रानात गुराखी किंवा गवत कापणाऱ्या बाया होत्या का, हे सगळे आलेच पाहिजे. शेकोटीचे दगड, राख, बाटल्या यांचे फोटो त्याच दिवशी काढावेत. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने राख राहत नाही.

आग विझवली म्हणून माती लोटून निघून जाणारे पुष्कळ. पूर्वी घरोघरी सकाळच्या चुलीसाठी निखारा राखेत झाकून ठेवत. मातीखाली तो तसाच जिवंत राहतो. खाली वाळके खोड किंवा शेणी असली तर तासन्तास धुमसतो, दुपारी वारा सुटला की ठिणगी कुसळी गवतात जाते आणि चढावर ज्वाळा वरचे गवत आधीच तापवत असल्याने आग पळत सुटते. लहान शेकोटीलाही घागरभर पाणी हाताशी हवे: निम्मे ओतायचे, काठीने राख तळापर्यंत उकरायची, उरलेले ओतायचे, मग उलटा हात जवळ धरून पाहायचा. ऊब लागली तर हलायचे नाही. पाणी नसेल तर पेटवूच नये.

बांध जाळणाऱ्यांनाही हेच लागू. जाळलेच तर वारा पडलेला असताना, भोवतीचे गवत आधी कापून, चढाच्या वरच्या टोकाकडून पेटवावे, म्हणजे आग खाली सावकाश सरकते. शेवटचा धूर थांबेपर्यंत माणूस तिथून हलता कामा नये.

वनविभागाने 'वणवा लावू नका' या फलकांवर 'आग सोडून जाणे गुन्हा आहे' हे कलमासह लिहावे. ग्रामपंचायतींनी जानेवारीतच गायरानाच्या कडेने जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे गवत काढलेले पट्टे, काढून घ्याव्यात, गवत हिरवट असेपर्यंत ते काम निभते. वणवा दिसताच वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवताना गावाबरोबर डोंगराची बाजूही सांगावी.

– एक वाचक, सातारा