सरांच्या नावाची बाटली

पुणे, रविवार

प्रिय विन्या,

दिवाळीत फोनवर 'सविस्तर पत्र टाकतो' म्हणालो होतो, आणि आता तुझ्या कलमांचा मोहोर गळून कैऱ्या धरल्या असतील. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक. साखर गोळ्यांच्या धाकात आहे, गुडघे जिना दिसला की कुरकुरतात. झालं.

लिहायचं कारण वेगळंच आहे. घरी सांगायला गेलो तर ही म्हणते, 'बोटभर किड्यावरून झोप उडाली तुमची?' मग तो किडा नाही, ब्रिटल स्टार आहे, तारामाशाचा सडपातळ हातांचा चुलतभाऊ, हे सांगण्यात अर्धा तास जातो आणि मूळ गोष्ट राहूनच जाते. तुला त्यातलं काहीच समजावून सांगावं लागणार नाही, म्हणून तू.

सरांचं जन्मशताब्दी वर्ष लागतंय. विभाग आता छोटूच्या हातात आहे. हो, तोच, खडपांवर आपल्या मागून बादल्या घेऊन धडपडत यायचा तो. आता त्याच्या टेबलावर नावाची पितळी पाटी आहे आणि तो मला 'सर' म्हणतो, ते ऐकून मी मागे वळून बघतो. जुनं संग्रहालय आवरताना त्याला आपली ती बाटली सापडली. अर्धं अल्कोहोल उडालेलं, आत पेन्सिलीनं लिहिलेली सरांची चिठ्ठी, आणि तळाशी हात वेडेवाकडे झालेले मूठभर ब्रिटल स्टार. छोटूनं ठरवलंय की ही नवी जात आहे. तिला सरांचं नाव द्यायचं, शताब्दीच्या समारंभात जाहीर करायचं, आणि निबंधावर त्याच्या नावाशेजारी माझं नाव घालायचं.

चिठ्ठीवर सरांनी काय लिहिलंय आठवतं? 'अँफिफोलिस सी.एफ. स्क्वामाटा'. ते मधलं 'सी.एफ.' त्यांनी दोनदा गिरवलंय. म्हणजे 'स्क्वामाटा' या आधीच माहीत असलेल्या जातीसारखा दिसतो, पण मी शपथ घेणार नाही. छोटूला त्या दोन अक्षरांत संधी दिसते. मला त्यात सरांचा आवाज ऐकू येतो.

मी बायनॉक्युलर सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन बसलो. मधली तबकडी जेमतेम चार मिलिमीटर, हात तिच्या तिप्पट-चौपट, तेही शेंड्याला तुटलेले. प्रत्येक हाताच्या बुडाशी दोन ढाली एकमेकींना खेटून बसलेल्या आणि त्यांच्या बाहेरच्या टोकाला तो पांढरा ठिपका अजून शाबूत. उलटं केलं, तर तोंडाच्या फटीवर बाहेरचा रुंद पापुद्रा आडवा आलेला. स्क्वामाटाच्या वर्णनात आहे ते सगळं जागच्या जागी. छोटूचा सगळा भर काट्यांवर आहे. म्हणतो, हाताच्या प्रत्येक खंडाला बाजूनं चार काटे आहेत, तीन नाहीत. मी सुईनं एकेक खंड सरकवत मोजलं. बुडाजवळ चार, पुढे गेलं की तीन. स्क्वामाटात हे असंच असतं, कुठल्याही चांगल्या वर्णनात 'तीन ते चार' लिहिलेलं सापडेल. त्याला तसं म्हटलं, तर म्हणाला, 'सर, पण आपल्याकडे चारवाले जास्त आहेत.' हाताचे शेंडे तुटलेत, बुडं शिल्लक आहेत, मग चारवाले जास्त दिसणारच ना रे!

यावरून तुझं ते भांडण आठवलं. 'एवढासा प्राणी पूर्ण वाढलेला असूच शकत नाही, कुठल्या तरी मोठ्या जातीचं पिल्लू आहे,' असं तू दोन दिवस सगळ्यांचं डोकं खाल्लं होतंस. शेवटी सरांनी सुई घेऊन तबकडीची कड उचलली, आणि आत, हाताच्या बुडाशी असतात त्या पिशव्यांमधून, पाच-पाच हातांची पिल्लं. एक जवळजवळ बाहेर पडायला आलेलं, एक नुसता ठिपका, सगळी वेगवेगळ्या वयाची. त्यातल्या मोठ्यानं बशीत हात हलवला. सर म्हणाले, 'विनायकराव, अभिनंदन, तुमचं पिल्लू बाळंत झालं.' आजही हे लिहिताना हसू येतंय. तू मात्र तेव्हा रुसून बांगडा सोडलास आणि तुझा वाटा मी खाल्ला.

आता खरा घोळ ऐक. छोटू अगदीच वेड्यासारखं बोलत नाही, तिथेच पंचाईत आहे. त्याचा मुद्दा असा: बहुतेक ब्रिटल स्टारांच्या अळ्या पाण्यात तरंगत लांब जातात. यात तरंगणारी अळीच नाही. पिल्लं आईच्या अंगातच वाढतात आणि बाहेर पडली की त्याच दगडाखाली राहतात. मग ज्याला मुळात 'स्क्वामाटा' नाव मिळालं तो नेपल्सच्या समुद्रातला प्राणी आपल्या कोकणात, न्यूझीलंडमध्ये, इंग्लंडच्या किनाऱ्यावर, सगळीकडे एकच कसा? हा प्रश्न खरा आहे. देल्ले कियाये यानं १८२८ साली त्याला 'अस्टेरियास'मध्ये घातलं, म्हणजे सरळ तारामाशांच्या रांगेत बसवलं. मग युंगमाननं १८६६ साली 'अँफिफोलिस' प्रजाती काढली, शंभर वर्षांनी, १९६६ साली, थॉमसनं त्याला 'अॅक्सिओग्नॅथस'मध्ये हलवलं, आणि पुन्हा तो अँफिफोलिसमध्ये परतला. मधल्या काळात ज्याला ज्या किनाऱ्यावर सापडला त्यानं त्याला तिथलं नाव दिलं आणि नंतर कुणीतरी ती सगळी नावं मोडीत काढून एकाच खात्यावर जमा केली. म्हणून तो जगभर पसरलेला दिसतो. पसारा निम्मा प्राण्याचा आणि निम्मा आपल्या लोकांचा.

पण म्हणून कोकणातला वेगळा ठरतो का? २००२ साली न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरचे स्क्वामाटा गोळा करून त्यांची जनुकं तपासली, तेव्हा बाहेरून एकसारखे दिसणारे, पण आतून एकमेकांपासून फार लांब गेलेले वंश निघाले. आणि गंमत म्हणजे ते जागेप्रमाणे नीट वाटून राहत नाहीत. एकाच किनाऱ्यावर वेगवेगळे वंश शेजारी शेजारी नांदतात, आणि एकच वंश लांबलांबच्या जागी सापडतो. अळी नसली म्हणून काय झालं? तुटून वाहणाऱ्या शेवाळाच्या गुंत्याला चिकटून हे महाशय प्रवास करतात, आणि उभयलिंगी असल्यामुळे एकटा पोचला तरी वसाहत उभी राहते. तेव्हा 'आमच्या गावचा म्हणून वेगळा' हे छोटूचं सूत्र तिथेच बसतं खाली.

त्यापुढची अडचण त्याहून वाईट. हा प्राणी बहुतेक वेळा स्वतःचंच स्वतःशी फलन करतो. २००८ साली आई आणि तिच्या पोटातली पिल्लं, दोघांची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा स्वफलनाचं प्रमाण अफाट निघालं. मग आपण पोरांना फळ्यावर शिकवलेली व्याख्या, आपसात प्रजनन करतात ती एक जात, ती इथे लावायची कुणाला? जो दुसऱ्याशी क्वचितच संबंध ठेवतो, त्याचा प्रत्येक वंश एका परीनं वेगळंच घर. (आपल्या आळीत अशी माणसं होती, पण त्यांना कुणी नवी जात म्हणून छापलं नाही.)

आणि समजा फोडायचंच ठरवलं, तरी मूळ 'स्क्वामाटा' हे नाव कुठल्या वंशाकडे राहणार, ते आधी नेपल्सच्या माणसांवरून ठरवायला हवं. माणसांवरून म्हणजे प्राण्यांवरून, तू समजलास. तिकडेही सरळ नाही. इटलीच्या किनाऱ्यावर रंगानं वेगळे प्रकार आहेत आणि त्यांचा उजेडही सारखा नसतो. तो उजेड आठवतो ना? कंदील विझवून तू बशीत काडी घातलीस आणि पाचही हातांत हिरवट ठिणग्या पळाल्या, मधली तबकडी मात्र काळीच. सर झोपेतून उठून आले आणि आधी काडी घातल्याबद्दल झापलं, मग स्वतः घातली.

हे सगळं छोटूला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, 'सर, मग डीएनए करू.' कशाचं करणार? बाटलीतला माल सरांच्या शिस्तीत आधी बोरॅक्स घातलेल्या फॉर्मॅलिनमध्ये पडलाय. बोरॅक्समुळे चुन्याचा सांगाडा वाचला, म्हणून आज काटे मोजता आले. पण फॉर्मॅलिननं डीएनएचा भुगा केलेला असणार. काही वर्षांपूर्वीच्या ओल्या नमुन्यातून निघत नाही तिथे यातून काय निघणार?

एवढंच असतं तर 'नाही' म्हणून मोकळा झालो असतो. छोटू दोन दिवस फुगला असता, मग चितळ्यांची बाकरवडी घेऊन आला असता. पण त्यानं आधीच काकूंना सांगून टाकलंय. काकूंनी मला बोलावून घेतलं. आता ऐकू कमी येतं, पण नजर तीच, आपण चहा सांडला की फिरायची ती. डिंकाचा लाडू पुढे ठेवला आणि म्हणाल्या, 'म्हणजे यांचं नाव समुद्रात राहणार?' मी लाडू तोंडात घातला. काय बोलणार होतो? वरून म्हणाल्या, 'विनायकला कळवलंस का?' म्हणजे हेही माझ्यावरच.

त्या घरात आयुष्यभर माशांचा आणि फॉर्मॅलिनचा वास सहन केला त्यांनी. समुद्रापासून एवढ्या लांब, पेठेतल्या दोन खोल्यांत. मुठेत एकही कंटकचर्मी, म्हणजे तारामासे-ब्रिटल स्टारांच्या संघातला प्राणी, नाही, कारण गोड्या पाण्यात तो संघच नाही, आणि सर हे सांगायचे तेव्हा काकू म्हणायच्या, 'बरं आहे, निदान नदी तरी वाचली.' त्यांना आता 'स्वफलन' आणि 'वंश' सांगून त्यांचा आनंद काढून घेऊ? आणि सरांच्या नावानं अशी जात छापू, जी पुढच्याच माणसानं सहा ओळींत स्क्वामाटाचंच दुसरं नाव ठरवून मोडीत टाकावी? सर आपल्याला काय म्हणायचे? पोर कुणाचं ते कळल्याशिवाय बारशाचे पेढे वाटू नका. त्यांनी स्वतः हयातभर एकाही प्राण्याला कुणा माणसाचं नाव दिलं नाही.

एक विनोद मात्र छोटूला ऐकवला, त्यालाही हसू आलं. या प्राण्याच्या पोटात एक सूक्ष्म परजीवी राहतो आणि यजमानाची बीजांडं वाढूच देत नाही. जिआर नावाच्या फ्रेंच माणसानं १८७७ साली त्याचं नाव 'ऱ्होपॅल्युरा ओफिओकोमी' ठेवलं, कारण तेव्हा यजमानाला 'ओफिओकोमा निग्लेक्टा' म्हणत. यजमानाचं ते नाव केव्हाच बाद झालं, परजीवीनं अजून सोडलेलं नाही. मी म्हटलं, बघ, नाव टिकवायचं तर परजीवीला द्यावं. छोटू म्हणाला, 'सरांचं?' मग आम्ही दोघंही गप्प.

तुझं काय चाललंय? पमीचं बाळंतपण नीट झालं हे वहिनींच्या फोनवरून कळलं, नातीला आशीर्वाद. फवारणीवाल्यानं या वर्षी तरी वेळेवर काम केलं का? पायाचं प्लॅस्टर निघालं असेल. झाडावर चढू नकोस असं लिहिणार होतो, पण तू वाचून चढशील.

आता माझं काम. त्या दिवशी सरांची नजर चुकवून तू त्याच डबक्यातले काही जण काचेच्या नळीत भरून स्पिरिटमध्ये टाकले होतेस. 'फॉर्मॅलिन म्हणजे प्रेतावर दगड ठेवणं,' असं काहीतरी भाषणही केलं होतंस. सरांना शेवटपर्यंत कळलं नाही, का कळून गप्प बसले, देव जाणे. ती नळी तू मोडीत घातली नसशील, तू काहीच मोडीत घालत नाहीस. माळ्यावर, ट्रंकेत, बाबांच्या होमिओपॅथीच्या पेटीत, कुठेही बघ. बूच गच्च असेल आणि स्पिरिट उरलं असेल तर डीएनएची आशा आहे. सुकलं असेल तरी फेकू नकोस. आतली चिठ्ठी बाहेर काढू नकोस, नवी लिहू नकोस, आणि कृपा करून घरात जे काही बाटलीत आहे ते त्यात ओतू नकोस.

त्यातून डीएनए निघालाच तरी नवी जात सिद्ध होईल असं मी म्हणत नाही. फार तर आपला प्राणी कुठल्या वंशाच्या जवळ बसतो ते कळेल, आणि सरांच्या त्या 'सी.एफ.'ला काहीतरी आधार मिळेल. तोवर छोटूला थांबवायला मला कारण मिळतं. समारंभात जात जाहीर करण्याऐवजी सरांची बाटली, त्यांची चिठ्ठी आणि त्या खडपाच्या नोंदी मांडू असं मी त्याला सुचवलंय. तो अर्धा तयार आहे.

काकूंना मात्र तूच सांगायचंस. माझं ऐकून त्या 'बरं' म्हणतील आणि आत जाऊन बसतील. तुझ्याशी भांडतील, आणि भांडल्या की त्यांना पटतं. कुरिअरनं नळी पाठवू नकोस, स्पिरिट घेत नाहीत आणि घेतलंच तर फोडतील. स्वतः घेऊन ये. रात्रीची एसटी पकड, स्वारगेटला पहाटे उतरशील, मी रिक्षा घेऊन येतो. गेल्या खेपेसारखं 'मी चालत येतो' म्हणून मंडईत हरवू नकोस.

वहिनींना नमस्कार. आंबे आणलेस तर ही तुझ्या सगळ्या जुन्या गोष्टी माफ करणार आहे म्हणते, बांगड्याचीसुद्धा.

तुझा,
सुध्या