दूध संकलनाचा संथ डॅशबोर्ड मार्गी लावणाऱ्या मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

आमच्या जिल्हा दूध संघाच्या संकलन विभागाचा डॅशबोर्ड आता सकाळच्या गर्दीच्या वेळीही काही सेकंदांत उघडतो. याचे श्रेय आपले आहे, आणि दूरध्वनीवर दोन शब्द बोलून ते ऋण उरकणे आम्हांला योग्य वाटले नाही. बँकेच्या माहिती-तंत्रज्ञान विभागातून निवृत्त झाल्यावर, कोणतेही मानधन न घेता, आपण आमच्या कामात लक्ष घातले. पॉवर बीआयचा (माहिती आलेख-तक्त्यांत दाखवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीचा) अहवाल थेट डेटाबेसला जोडून नंतर त्याच्या संथपणाने त्रासलेले विभाग इतर संघांत, साखर कारखान्यांत आणि बाजार समित्यांतही असतील. आपण नेमके काय केले हे त्यांनाही कळावे, म्हणून हे पत्र खुले ठेवत आहोत.

प्रत्येक दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातील घन पदार्थ) यांची नोंद होते आणि ती आमच्या मध्यवर्ती एसक्यूएल सर्व्हरवर येऊन पडते. कोणत्या बल्क कूलरकडे (दूध थंड ठेवणाऱ्या मोठ्या टाकीकडे) टँकर आधी पाठवायचा हे त्या आकड्यांवर ठरत असल्यामुळे अहवाल डायरेक्टक्वेरी पद्धतीने जोडलेला होता. या पद्धतीत माहितीची प्रत अहवालात राहत नाही. पान उघडताना आणि स्लायसर (पानावरची निवडीची गाळणी) बदलताना पानावरचे जवळजवळ प्रत्येक व्हिज्युअल (आलेख, तक्ता किंवा आकडा) मूळ सर्व्हरला आपली स्वतंत्र क्वेरी, म्हणजे माहितीची मागणी, पाठवते. वीस व्हिज्युअलचे पान पंधरा अधिकाऱ्यांनी एकाच वेळी उघडले, तर सर्व्हरपुढे तीनशे प्रश्न उभे राहतात, आणि एका स्रोताशी एका वेळी खुल्या राहणाऱ्या जोडण्यांची मूळ मर्यादा दहाच असल्याने उरलेल्या क्वेऱ्या रांगेत थांबतात. ज्या घटकेला अधिकारी पान उघडतात, त्याच घटकेला संस्थांच्या नोंदीही त्याच सर्व्हरवर येत असतात, ही गोष्ट आपण लक्षात आणून देईपर्यंत आमच्या कोणत्याही बैठकीत निघाली नव्हती.

त्या वेळी आमच्याकडे नव्या सर्व्हरची दरपत्रके येऊन पडली होती. ती बाजूला ठेवून आपण पहिला प्रश्न संकलन अधिकाऱ्यांना विचारला: या पानावरचा कोणता आकडा पाच मिनिटे जुना असला तर आपला निर्णय चुकेल? उत्तर देताना सगळेच अडखळले. (वरिष्ठांना सगळे काही ‘लाइव्ह’ हवे असते, त्यात गरजेपेक्षा प्रतिष्ठेचा भाग जास्त असतो, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.) शेवटी यादीत तीनच गोष्टी उरल्या: चालू पाळीचे संकलन, बल्क कूलर आणि शीतकरण केंद्रांतील शिल्लक, आणि वाटेवरचे टँकर. मागील महिन्यांची तुलना, संस्थांचा फॅटचा कल, गाय व म्हैस दुधाचे प्रमाण हे सारे काल रात्रीपर्यंतचे असले तरी कोणाचेही काही अडत नव्हते. पॉवर बीआयच्या प्रो परवान्यावर इम्पोर्ट केलेली, म्हणजे अहवालात प्रत घेऊन ठेवलेली, माहिती दिवसातून आठ वेळा ताजी करता येते, हे आपण सांगितल्यावर तो वाद मिटला.

त्यानुसार अहवालाची दोन पाने झाली. ‘चालू पाळी’ हे पान थेट जोडणीवर राहिले आणि त्यावर मोजकीच व्हिज्युअल ठेवली. इतिहासाच्या पानासाठी संस्था, दिनांक, पाळी आणि दुधाचा प्रकार यांनुसार आधीच बेरीज केलेले टेबल इम्पोर्ट केले, तर संस्था व दिनांक यांची टेबले दोन्हीकडे लागत असल्यामुळे त्यांना ड्युअल साठवण (प्रत आणि थेट जोडणी दोन्ही) दिली. या बेरजेच्या टेबलाला पॉवर बीआयच्या ॲग्रिगेशनच्या (प्रश्न आपोआप बेरजेच्या टेबलाकडे वळवणाऱ्या) सोयीत गुंतवावे, असा आमचा आग्रह होता. आपण तो मानला नाही. तसे केले असते तर आजच्या दुधाचा प्रश्नही कालपर्यंतच्या टेबलाकडून सोडवला गेला असता, आणि समोर आलेला अपुरा आकडा कोणालाही अपुरा वाटला नसता. जुने विभाग इम्पोर्टमध्ये आणि ताजा विभाग थेट ठेवणाऱ्या हायब्रिड टेबलाचा पर्याय आपण सांगितला होता, परंतु त्याला लागणारा प्रीमियम दर्जाचा परवाना आमच्याकडे नाही. म्हणून इतिहासाच्या पानावर ‘कालपर्यंत’ ही अक्षरे ठळकपणे छापण्याचा आपला साधा उपाय स्वीकारला.

खरे शिक्षण मात्र चालू पाळीच्या पानावर झाले. आपण पॉवर बीआय डेस्कटॉपमधला परफॉर्मन्स ॲनालायझर (वेळ मोजणारे साधन) सुरू करायला लावला आणि प्रत्येक व्हिज्युअलचा वेळ डॅक्स क्वेरी (पॉवर बीआयच्या सूत्रभाषेतील क्वेरी), डायरेक्टक्वेरी, चित्रण आणि इतर अशा भागांत कसा विभागला जातो ते दाखवले. ‘इतर’ या भागातला वेळ बहुतांशी आधीच्या व्हिज्युअलची वाट पाहण्यात गेलेला असतो, तेव्हा त्याला घाबरू नका, ही आपली सूचना फार उपयोगी पडली. मोठा वाटा डायरेक्टक्वेरीचा निघाला. तिथून आपण क्वेरी उचलून एसक्यूएल सर्व्हरच्या मॅनेजमेंट स्टुडिओत चालवली आणि तिचा एक्झिक्युशन प्लॅन (सर्व्हर ती क्वेरी कोणत्या पायऱ्यांनी सोडवतो त्याचा आराखडा) आमच्यासमोर उलगडला. अहवालाच्या संथपणाचे उत्तर अहवालात शोधायचे नसून, तो डेटाबेसला कोणत्या शब्दांत प्रश्न विचारतो तिथे शोधायचे असते, हे आम्हांला प्रथमच प्रत्यक्ष दिसले.

त्या प्लॅनमध्ये दोन गोष्टी उघड्या पडल्या. संस्था-क्रमांक संकलनाच्या टेबलात व्हारकॅर आणि संस्थांच्या टेबलात एनव्हारकॅर या प्रकाराचा होता; दोन्ही अक्षरे साठवण्याचेच, पण वेगळे प्रकार. दोन्ही जोडताना सर्व्हर संकलनाच्या टेबलातील प्रत्येक ओळीच्या क्रमांकाचे रूपांतर करत बसत असे आणि त्या स्तंभावरचा इंडेक्स (शोध झटपट करणारी सूची) असून नसल्यासारखा होई. दुसरे म्हणजे, अहवाल ज्यातून वाचतो त्या व्ह्यूमध्ये (साठवून ठेवलेल्या क्वेरीत) नोंदीच्या वेळेचे अक्षरांत रूपांतर करून त्यातून दिनांक आणि पाळी काढली जात होती, त्यामुळे फक्त आजची सकाळ मागितली तरी सारे टेबल चाळले जाई. आपण दोन्ही क्रमांक एकाच प्रकाराचे करून घेतले, दिनांक आणि पाळी हे टेबलातच साठवलेले स्तंभ केले आणि त्यांवर इंडेक्स उभारला. एसक्यूएल सर्व्हर 2016 पासून चालू नोंदींच्या टेबलावरही अद्ययावत होत राहणारा नॉनक्लस्टर्ड कॉलमस्टोअर इंडेक्स (ओळींऐवजी स्तंभांनुसार माहिती साठवणारा) ठेवता येतो. तोही आपण सुचवला, पण साध्या इंडेक्सने काय साधते ते पाहिल्यानंतरच. तो क्रम आपण मुद्दाम पाळला, हे आता कळते.

एका प्रसंगी आपली शिस्त विशेष जाणवली. टेबलांमधील नात्यावर ‘अझ्यूम रेफरेन्शियल इंटिग्रिटी’ (प्रत्येक क्रमांक दुसऱ्या टेबलात आहेच असे धरा) ही खूण केली की पॉवर बीआय लेफ्ट आउटर जॉइनऐवजी (जोडी नसलेल्या ओळीही ठेवणाऱ्या जोडणीऐवजी) इनर जॉइन (फक्त जुळणाऱ्या ओळी ठेवणारी जोडणी) लिहिते आणि क्वेरी हलकी होते, असे आमच्या एका सहकाऱ्याने वाचले होते आणि तो ती खूण करायला निघाला होता. आपण त्याला थांबवले आणि संकलनाच्या टेबलातील असे क्रमांक शोधायला लावले, जे संस्थांच्या टेबलात नाहीत. नव्या संस्थेचे दूध तिच्या नोंदणीचे कागद पूर्ण होण्याआधीच सुरू होत असल्याने असे क्रमांक निघालेच. ती खूण तेव्हा केली असती तर त्या संस्थांचे लिटर बेरजेतून गुपचूप गळाले असते. पान वेगवान झाले असते, आकडा चुकला असता, आणि वेगाच्या आनंदात तो कोणी तपासला नसता. आधी नोंदणीची पद्धत दुरुस्त झाली, डेटाबेसमध्ये फॉरेन कीची (संस्थांच्या टेबलात नसलेला क्रमांक नाकारणारी) अट बसली, आणि मगच ती खूण झाली.

बाकीच्या सुधारणा थोडक्यात सांगता येतील. स्लायसरना ‘लागू करा’ हे बटण जोडले, त्यामुळे तालुका, मार्ग आणि संस्था निवडून होईपर्यंत एकही क्वेरी जात नाही. एका आलेखावर टिचकी मारली की सारे पान पुन्हा प्रश्न विचारू लागे, ते परस्पर-ठळकीकरण बंद केले. गेटवे (पॉवर बीआय आणि आमचा सर्व्हर यांना जोडणारा दुवा) डेटाबेसच्याच जाळ्यातील, सदैव चालू राहणाऱ्या संगणकावर हलवला. वाचन आणि लेखन एकमेकांना अडवू नयेत म्हणून डेटाबेसवर रीड कमिटेड स्नॅपशॉट (वाचणाऱ्याला नोंदीची आधीची पक्की प्रत दाखवणारी सोय) सुरू केले, आणि त्याचा भार टेम्पडीबीवर (सर्व्हरच्या तात्पुरत्या डेटाबेसवर) पडतो म्हणून तिथली जागा आधी वाढवून घेतली.

एका बाबतीत मात्र आमचे आपल्याशी पूर्णपणे जुळले नाही. संस्थावार तपशिलाचा लांब तक्ता आपण ड्रिल-थ्रूच्या (आकड्यावरून तपशिलात जाण्याच्या) स्वतंत्र पानावर नेण्यास सांगितले होते, परंतु मार्ग पर्यवेक्षकांना तो समोरच लागतो. दुचाकीवरून उतरून मोबाईलवर आणखी दोन टिचक्या मारणे त्यांना नको असते. तो तक्ता आम्ही मुख्य पानावरच ठेवला आहे, पण एकदा मार्ग निवडल्याशिवाय तो भरत नाही अशी व्यवस्था केली आहे. हा मधला मार्ग आपल्याला फारसा रुचणार नाही, याची कल्पना आहे.

नव्या सर्व्हरचा प्रस्ताव सध्या मागे घेतला आहे. लेखा विभागाचा दहा दिवसांच्या दूध बिलांचा अहवाल आता हाती घेतला असून त्यातील सर्वांत जड क्वेरी आम्ही आपल्याकडे पाठवण्याआधी स्वतःच वाचली. पशुखाद्य आणि उचल यांच्या कपातीचे टेबल बिलांच्या टेबलाशी युनिकआयडेंटिफायर (लांबलचक, एकमेव सांकेतिक क्रमांक) प्रकारच्या स्तंभाने जोडलेले आहे. पॉवर बीआयला तो प्रकार मुळात ओळखता येत नसल्याने प्रत्येक जॉइनमध्ये रूपांतर घुसते, असे आम्हांला दिसले. दोन्ही टेबलांत पूर्णांकाचा स्वतंत्र की-स्तंभ घालून नाते त्यावर बांधण्याचे ठरवले आहे. प्लॅन सोबत जोडला आहे; आपल्या सवडीने पाहून हा मार्ग बरोबर आहे की नाही, तेवढे कृपया कळवावे.

आपले कृतज्ञ,
संगणक विभागातील सर्व कर्मचारी
जिल्हा दूध संघ