चढाचं पाहिलं, उताराचं राहिलं

यवतेश्वर, सातारा
रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय बाळ्या,

दीड वर्षानं लिहितोय. फोन केला असता तर तू उचलला असतास, हे मला माहीत आहे. पण फोनवर हे धड सांगता आलं नसतं, आणि तू मध्येच "मी म्हणालो होतो ना" म्हणाला असतास. म्हण, तुझा हक्कच आहे. फक्त शेवटपर्यंत वाचून म्हण.

आईचा गुडघा आहे तसाच. माझी शुगर आटोक्यात. पाऊस अजून हटत नाही.

आपली पांढरी बग्गी आठवते ना, पाहुण्यांना वर-खाली नेणारी बॅटरीची गाडी? लेड ॲसिडच्या सहा बॅटऱ्या काढून मी लिथियम बसवली आणि त्यावरून आपलं वाजलं. तू म्हणालास, "पक्या, बॅटरी बदललीस की गाडीच बदलते, सगळं पहिल्यापासून तपास." मी म्हणालो, "तुझी फोर्कलिफ्ट गुळगुळीत फरशीवर फिरते, तुला घाटातलं काय कळणार?" तू चहा अर्धा टाकून उठलास. तो अर्धा कप अजून डोळ्यांसमोर आहे.

लिथियमनं गाडीचं दीडेकशे किलो वजन उतरलं, पण चढाचं दुखणं राहिलंच. गेटपासून वरच्या ऑफिसपर्यंत तीनशे मीटर रस्ता, त्यात ३५ मीटर चढ. चार माणसं बसली की मोटरला करंट मोजून देणारा जुना ३०० अँपिअरचा कंट्रोलर दुसऱ्या वळणावर तापून हात टेकायचा. पाहुण्यांना उतरून चालावं लागायचं, म्हातारी माणसं असली तर आम्ही ढकलायचो. कासच्या हंगामात हे परवडणारं नव्हतं. म्हणून जुलैत ५०० चा कंट्रोलर आणला.

आणि बाळ्या, काम मी मन लावून केलं. मोटरचे दोन टर्मिनल जाड, दोन बारीक, म्हणजे सेपेक्स, आतल्या दोन वायंडिंगना वेगवेगळा करंट लागणारी. कराडला तूच दाखवलेली खूण. तेव्हा कंट्रोलरही सेपेक्सचाच घेतला. बॅटरीच्या केबल २५ च्या काढून ५० स्क्वेअर मिलिमीटरच्या टाकल्या, टोकांचे लग सगळे दाबून क्रिंप केले, सोल्डरचा एकही डाग दिला नाही. हीटसिंकखाली पेस्ट लावली. बॅटरी जोडणारा मोठा स्विच, म्हणजे जुना सोलेनॉइड, उघडला तर आतल्या तांब्याच्या बटणांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. चावी फिरवली की कंट्रोलरचे कपॅसिटर एकदम भरायचे आणि ठिणगी पडायची, त्याचे ते खड्डे. लिथियमला आतला रोध जवळजवळ नाहीच, त्यामुळे हा दणका आणखी मोठा. नवा सोलेनॉइड बसवून त्याच्या दोन टोकांवर प्रीचार्जचा रेझिस्टर टाकला, म्हणजे कपॅसिटर आधी हळूहळू भरतात. बीएमएस, म्हणजे लिथियमचे सेल सांभाळणारं सर्किट, २०० अँपिअरचा आहे, म्हणून बॅटरीकडचा करंट कंट्रोलरच्या प्रोग्रॅममध्ये १८० ला बांधला. मालक घाबरले होते, पाचशे अँपिअरनं बॅटरी जळेल म्हणून. त्यांना सांगितलं, हळू चढताना मोटरला तीनशे मिळाले तरी बॅटरीतून सत्तर-ऐंशीच जातात, कंट्रोलर व्होल्टेज कमी करून करंट वाढवून देतो. त्यांना पटलं. पहिल्याच दिवशी बग्गी चौघांना घेऊन एका दमात वर आली. मालकांनी कंदी पेढे वाटले. तुला फोन करायला हात शिवशिवत होता, पण मीच अडून बसलो.

आता ऐक.

गौरी-गणपतीला आई आणि दोन्ही माम्या आल्या होत्या, कासला फुलं बघायला. सकाळी सव्वासातला त्यांना खाली गेटवर सोडायला बग्गी काढली. संत्या चालवत होता, मी मागच्या सीटवर. रात्रभर वरच्या शेडमध्ये चार्जिंगला लागलेली गाडी, पूर्ण भरलेली. उतारावर मोटरच ब्रेक लावते, तो ओळखीचा 'घूंऽऽ' आवाज चालू होता. दुसऱ्या वळणाआधी तो आवाज एकदम थांबला. टेप बंद केल्यासारखा. डॅशवरचा दिवा गेला आणि गाडी सुटली.

पुढची दहा-बारा सेकंदं. धुकं, ओला रस्ता, आईच्या मांडीवरचा डबा घरंगळून माझ्या पायाशी आला. ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, तेही ड्रमचे, तेही ओले. संत्यानं दोन्ही पाय पेडलवर रोवले आणि डावं चाक दगडी बांधाला घासत नेलं. वळणाच्या चार हात अलीकडे थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आई म्हणाली, "ब्रेक चांगले आहेत हो बग्गीचे."

त्यांना जीपनं पाठवून दिलं आणि मी चिखलात बसून कंट्रोलरचा लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजलं. ओव्हरव्होल्टेज. तुला एवढ्यावरच सगळं कळलं असेल. सोळा सेल, प्रत्येक ३.६५ ला टेकलेला, पॅक ५८.४ वर. त्यात उतारावर मोटर वीज परत पाठवतेय. बीएमएसनं सेल वाचवायला दार लावलं. वीज जाणार कुठे? कंट्रोलरवर व्होल्टेज चढलं, त्यानं स्वतःला वाचवायला मोटर सोडली. दोघांनी आपापलं काम चोख केलं, मध्ये माझी आई होती.

जुन्या बॅटऱ्या असत्या तर जरा वायू सोडला असता, पण दार लावायला त्यांच्यात कुणी नव्हतंच. आणि नव्या कंट्रोलरवर परतीचा करंट मीच वाढवला होता, उतारावर गाडी छान धरते म्हणून. रात्री हिशेब केला. सातशे किलो, ३५ मीटर. अख्ख्या उतारावर मिळून साठ वॅटचा बल्ब तासभर चालेल एवढी वीज. १०५ अँपिअर-अवरच्या बॅटरीत तेवढीही जागा नव्हती.

परतीचा करंट कमी केला, ब्रेकचे लायनर नवे टाकले. चार्जिंग ८५ टक्क्यांवर तोडतोय. पण सेल बॅलन्स व्हायला महिन्यातून एकदा पूर्ण भरावीच लागते, आणि त्या सकाळी कोण लक्षात ठेवणार? मी सुट्टीवर असेन, संत्या घाईत असेल. तीन रात्री हेच चाललंय. खरा उपाय परवा पहाटे सुचला. चार्जरच खाली गेटवर न्यायचा. भरलेली गाडी आधी चढेल, मगच उतरेल. इतकं सोपं. पण त्याला गेटवर शेड हवी, वरून केबल हवी, खर्च आहे, आणि मालक विचारणार, का?

तिथंच अडलोय. त्यांनी संत्याला पाचशे रुपये बक्षीस दिलं. मला म्हणाले, "तुमच्या कामामुळे गाडी थांबली." मी गप्प बसलो. घरीही बोललो नाही. आईला सांगितलं तर ती म्हणेल, झालं गेलं विसर. मला विसरायचं नाहीये. हे काय होतं ते ज्याला कळेल असा माणूस मला तू एकच आहेस.

वहिनींच्या बदलीचं झालं का काही? पिंट्या दहावीला ना यंदा? त्याला गणितासाठी रागावू नकोस, तुझेही एम-टूला दोनदा राहिले होते आणि माझे एकदा. चाकणची नोकरी बरी चाललीय असं तुझ्या धाकट्याकडून कळलं, बरं वाटलं.

गुरुवारी मालक येतायत, त्यांना सगळं सांगणार आहे. जमलं तर बुधवारी रात्रीच्या एसटीनं ये. येताना तुमच्याकडचा कंट्रोलरला जोडायचा प्रोग्रॅमर आण, माझी सेटिंग एकेक करून बघ आणि गुरुवारी सकाळी बग्गी तू स्वतः खाली ने. मी शेजारी बसतो. चहा या वेळी पूर्ण पिऊन जा.

तुझा,
पक्या