बशीतले जंतू आणि पोटातला काढा

रविवारच्या पुरवणीतील औषधी झाडांवरचा लेख वाचला. कडुलिंब, अर्जुन, बाभूळ यांच्या अर्कांनी जंतू मरतात, हे खरेच. पण त्यांना ‘नैसर्गिक अँटिबायोटिक’ म्हणून पोटात घ्या, हा सल्ला मला मान्य नाही. प्रयोगशाळेत जंतू वाढवलेल्या बशीत अर्कात भिजवलेली कागदी चकती ठेवतात आणि तिच्याभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ मोजतात. त्या बशीला ना यकृत असते, ना मूत्रपिंड; त्यामुळे पोटात घेतलेल्या अर्काचे शरीरात काय होते, हे तिथे कळत नाही. बाभळीच्या सालीच्या चुळांनी हिरड्या आवळतात, माझी आजी तेच करायची. पण म्हणून तो काढा न्यूमोनियावर चालत नाही. कडुलिंबाचे तेल पाजल्याने तान्ही बाळे झटके येऊन दगावल्याच्या नोंदी तर वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

आमच्या दांडिया बाजारातल्या शेजारच्या काकूंनी लघवीच्या संसर्गावरच्या गोळ्या दोन दिवसांत सोडून कडुलिंबाचा रस सुरू केला. आठवडाभरात हुडहुडी भरून ताप चढला आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. तेव्हा, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मध्येच बंद करू नका आणि बाळांना कडुलिंबाचे तेल पाजू नका, एवढे पुढच्या पुरवणीत ठळक छापावे, ही विनंती.

– एक वाचक, बडोदा